लेकुरवाळी

19 डिसेंबर

पहाटे साडेपाचला जिन्याखालच्या खोलीत गेलो तर टबातला तापमापक 18 वर. झाकण उचललं. एरवी झाकण हललं की शेंगांच्या पोत्यात हात घातल्यासारखी खळबळ होते. आज शांतता. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे टबात उभे लावलेत, त्यांच्या खळग्यांत सगळी एकमेकांना खेटून, मिशासुद्धा न हलवता बसलेली. एकाला बोटानं ढकललं. दोन पावलं सरकलं आणि परत थांबलं.

मेलेली नाहीत, गारठलीत. माझ्या माशाच्या खाद्यासाठी पाळलेलं हे डुबिया झुरळ मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. पिल्लं व्हायला त्याला तिशीच्या आसपासची ऊब लागते. विशीच्या खाली उतरलं की खाणं मंदावतं, वाढ थांबते, पाळणा हलत नाही. सांगलीचा उन्हाळा त्यांना माहेरासारखा. एप्रिल-मे मध्ये मला काही करावं लागत नाही. पण डिसेंबर-जानेवारीचे हे काही आठवडे दरवर्षी रडवतात.

गेल्या वर्षीपर्यंत टबाला लागून मातीचं गाडगं पालथं घालायचो आणि त्यात चाळीसचा पिवळा बल्ब लावायचो. उजेड यांना नको असतो, तो गाडग्यात राहायचा आणि ऊब तेवढी रात्रभर बाहेर यायची. तो बल्ब परवा गेला. हरभट रोडला तीन दुकानं पालथी घातली, सगळीकडं एलईडी. एकजण समजूत घातल्यासारखा म्हणाला, "हा घ्या की साहेब, अजिबात तापत नाही." मला तापणाराच पाहिजे म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. कशाला पाहिजे? मी म्हणालो, कोंबडीची पिल्लं आहेत. झुरळं आहेत म्हणायची हिंमत अजून होत नाही.

20 डिसेंबर

कालच्या थापेनंच वाट दाखवली. पोल्ट्रीचं सामान मिळतं तिथं गेलो. अंडी उबवायच्या पेटीत असते तशी तापणारी वायर आणि तापमान राखणारा थर्मोस्टॅट, दोन्ही मिळालं. वायर टबाच्या एका अंगाला बाहेरून चिकटवली, तळाला नाही. एक बाजू गरम आणि एक गार राहिली तर ज्याला जिथं बरं वाटेल तिथं तो जाऊन बसतो. 31 ला बंद, 28 ला चालू. संध्याकाळी सातच्या सुमाराला आत पहिली खसखस ऐकू आली.

आता थर्माकोलबद्दल. ऊब धरून राहावी म्हणून मागच्या हिवाळ्यात टबाला आतून थर्माकोल लावला होता. त्याच सुमारास शेण-कचरा साफ करायला म्हणून एका पोल्ट्रीच्या तुसातले ते बारके काळे भुंगेरे आणून सोडले. मेलेलं, कुजलेलं, टाकलेली कात, सगळं खातात, काम चोख. पण त्यांच्या अळ्यांना कोषात जायच्या आधी कुठंतरी बीळ करावंसं वाटतं. महिन्याभरात थर्माकोलची चाळण झाली आणि आत पांढऱ्या मण्यांचा पाऊस. पोल्ट्रीवाले शेडच्या भिंतींच्या नावानं का रडतात ते कळलं. या वर्षी थर्माकोल नाही, बाहेरून जुनी गोधडी.

24 डिसेंबर

आज स्वयंपाकघरात पेस्ट कंट्रोलवाला आला. हिनं बोलावला. ओट्याखाली, सिलिंडरमागं त्यानं जेलचे ठिपके दिले. मी ऑफिसला न जाता जिन्याखालच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो. त्यानं विचारलं, "इथं पण मारायचं का?" ही म्हणाली, "तिथं मारलं तर हे मला मारतील."

आमच्या घरात झुरळांच्या दोन जाती आहेत. एक, जिच्यावर आम्ही पैसे खर्च करून विष घालतो. दुसरी, जिला मी पैसे खर्च करून गाजर घालतो. हिचं म्हणणं, मग स्वयंपाकघरातली पकडून माशाला घाल की, दोन्ही खर्च वाचतील. दिसायला हिशेब बरोबर आहे. पण ओट्याखालचं झुरळ काय खाऊन आलंय, कुठल्या गटारातून आलंय, कालच्या जेलचा ठिपका त्याच्या पोटात आहे का, हे कोण सांगणार? माझा अरोवाना मासा सहा वर्षांचा आहे. दोन फुटांचा, रुपेरी, घरात सगळे त्याला साहेब म्हणतात. आधी त्याला जिवंत बारके मासे घालायचो, त्यातून एकदा टाकीत रोग शिरला आणि साहेब मरता मरता वाचले. मग 2020 च्या टाळेबंदीत दुकानं बंद, बाहेरचं खाद्य मिळेना. तेव्हा एका हौशी माणसाकडून तीस डुबिया आणले, भडंगाच्या रिकाम्या बरणीत. झाकणाला सुईनं भोकं पाडून.

डुबियाची मोठी सोय म्हणजे त्याला गुळगुळीत भिंत चढता येत नाही. प्लॅस्टिकच्या टबात ते जिथल्या तिथं राहतं. तरी कडेनं आतून चार बोटं रुंद चिकटपट्टी फिरवलीय. माझ्यासाठी नाही, हिच्यासाठी.

2 जानेवारी

आई खाली आली होती. तिला या खोलीत यायचं म्हणजे नाकाला पदर. पण आज तिला स्टँडखालच्या वाट्या बघायच्या होत्या.

त्या वाट्या आजीच्या. आम्ही गावभागात राहायचो तेव्हा आजीचं जाळीचं कपाट होतं, दूधदुभतं, लोण्याचा गोळा, उरलेली भाजी ठेवायला. त्याच्या चार पायांखाली चार दगडी वाट्या, त्यांत पाणी, म्हणजे मुंगी वर चढत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि आमचं खालचं घर छतापर्यंत बुडालं. धोक्याची पातळी 45 ची. कपाट फुगून उकललं, फेकून दिलं. गाळ उपसताना वाट्या तेवढ्या सापडल्या. विश्रामबागेत आलो तेव्हा आईनं त्या धुऊन माळ्यावर ठेवल्या होत्या, कारण नसताना.

कारण मला सापडलं. झुरळांचा पहिला वैरी मुंगी. कात टाकताना झुरळ पांढरंफटक आणि लोण्यासारखं मऊ असतं, तेवढ्या वेळात लाल मुंग्यांची रांग टबात शिरली तर सगळं वसूल. विषारी खडूची रेघ ओढता येत नाही, कारण खडूला मुंगी आणि झुरळ यांतला फरक कळत नाही. म्हणून टबाच्या स्टँडचे चार पाय आजीच्या चार वाट्यांत. दर रविवारी पाणी बदलतो, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.

आई वाकून वाट्यांना हात लावत होती आणि मी ट्रे वर उचलला होता. खळग्याच्या कडेला एक मादी. डुबियाच्या मादीला पंख नसल्यातच जमा, दोन खुरटे तुकडे. नराला पूर्ण पाठभर पंख असतात. ही चांगली दोन पेरांएवढी, पोटाची टोकं ताणलेली, आणि मागून फिकट पिवळी, आडव्या चुण्यांची पिशवी बाहेर येत होती. इतर कित्येक झुरळं अंड्यांची डबी कुठंतरी चिकटवून मोकळी होतात. ही पिशवी परत पोटात ओढून घेते, दोन महिने वागवते आणि अंडी फुटायच्या वेळी बाहेर काढते. पिशवीतून तांदळाच्या कणीएवढी पांढरी पिल्लं निघत होती. चपटी, डोळ्यांचे दोन काळे ठिपके. एक खाली पडलं, उलटं झालं, सुलटं झालं, आईच्या पोटाखाली गेलं. मग दुसरं. मोजायला लागलो, बावीसपर्यंत आलो, मग ती हलली आणि हिशेब चुकला.

आईचा पदर नाकावरून कधी निघाला कळलं नाही. ती म्हणाली, "अरे, ही तर लेकुरवाळी."

लग्नात हळदीला लेकुरवाळं हळकुंड लागतं, बाजूला छोटी हळकुंडं फुटलेलं. हळदीच्या पेठेचं गाव हे. आईनं झुरळाला तो शब्द लावला आणि मी हसलो. ती हसली नाही. "हिला माशाला घालायचं नाही. बजावून ठेवते."

तसंही घालत नाही. मादी खाऊ घातली तर पेवच संपेल. चार-पाच माद्यांमागं एक नर पुरतो. जादा नर एकमेकांचे पंख कुरतडतात, म्हणून साहेबांच्या ताटात नर जातात आणि मधल्या वयाची पिल्लं. आईला हे सांगितलं असतं तर तिच्या शब्दाची धार गेली असती. मी म्हणालो, बरं.

संध्याकाळपर्यंत ती पांढरी पिल्लं तपकिरी झाली. आई दोनदा येऊन बघून गेली.

11 जानेवारी

साफसफाई. तीन महिन्यांतून एकदा. तोंडाला मास्क बांधूनच, कारण मागं दोन वेळा नाही बांधला आणि रात्रभर शिंका. झुरळांच्या लेंड्या आणि काती यांची धूळ छातीला वाईट, दम्याच्या माणसानं या छंदाच्या वाटेला जाऊ नये.

आधी गव्हाची चाळण, मग रव्याची. मोठी वर राहतात, मधली मधे, बारकी आणि लेंड्यांची पूड खाली. दोन्ही चाळणी आता माझ्याच. त्या माझ्या कशा झाल्या यावर इथं लिहीत नाही. बारकी पिल्लं वेगळ्या छोट्या टबात टाकली, लेकुरवाळीचीही त्यातच गेली. खाली उरलेली पूड चार दिवस गोठवून मग आईच्या गुलाबाला. चुकून एखादं पिल्लू त्यात राहिलं तर बागेत जिवंत जाऊ नये. इथलं नसलेलं किडूक आपल्या हातानं मोकळं सोडायचं नाही, एवढं पथ्य पाळतो.

जेवण: कोंबडीच्या पिल्लांचा भरडा थोडा, गव्हाचा कोंडा जास्त, गाजर, दुधी, संत्र्याची साल. प्रथिनं बेतानं. झुरळ जादाचा नत्र बाहेर टाकत नाही, युरिक ॲसिड करून चरबीत साठवतं. त्याच्या पेशींत राहणारे जिवाणू गरज पडली की त्यातून पुन्हा प्रथिनांचे घटक बनवून देतात. अडीअडचणीला काढायची फिक्स डिपॉझिट. पतसंस्थेत अठरा वर्षं काढलेल्या माणसाला हे आवडणारच. पण मी भरडा भरमसाट घातला तर ती ठेव फुगते आणि शेवटी साहेबांच्या पोटात जाते. पाण्याची वाटी ठेवत नाही, बारकी बुडतात. गाजरातलं पाणी पुरतं.

28 जानेवारी

लिहायला बसवत नाही, तरी लिहितो.

रविवारी मेहुणा तासगावहून द्राक्षांची पेटी घेऊन आला. मणी टपोरे, गोड. घड मोडताना सुटलेले मणी ताटलीत उरले होते. आम्ही द्राक्षं मिठाच्या पाण्यात धुऊन खाल्ली. सुटलेले मणी मी तसेच नेऊन छोट्या टबात टाकले. मोठ्या टबात गाजर घातलेलं होतं, म्हणून तिकडं नाही.

सोमवारी पहाटे छोट्या टबात पिल्लं पाठीवर. पाय थरथरत होते, सगळ्यांचे एकाच वेळी, वाऱ्यात बारीक गवत हलावं तसे. चिमट्यानं सुलटं केलं तर परत उलटी. दुपारपर्यंत थरथर थांबली. शेजारचा मोठा टब ठणठणीत. खोली एक, ऊब एक, हवा एक.

मेहुण्याला फोन केला. चुकलंच माझं, पण राहवलं नाही. तो भडकला. "दाजी, एक्स्पोर्टचा माल हाय. लॅबचा रिपोर्ट दाखवू का?" रिपोर्ट खरा असणार. छाटणीपासून तोडणीपर्यंत किती फवारण्या होतात ते मी त्याच्याच बांधावर उभा राहून बघितलंय, आणि तोडणीच्या आधी किती दिवस थांबायचं तेही तो पाळतो. पण रिपोर्टात आकडा असतो तो माणसाला चालेल एवढ्या अंशाचा. किडा मारायलाच केलेलं औषध, त्याचा माणसाला न कळणारा अंश किड्याच्या पिल्लाला कळतो. मेहुण्याची चूक नाही. न धुता टाकले ते मी.

दोनशेच्या आसपास गेली. ऑफिसात कुणाला सांगणार? रजेच्या अर्जावर कारण काय लिहिणार?

ही रात्री म्हणाली, "जेवून घ्या. माशाला काय कमी पडणार नाही ना?" नाही, मोठ्या टबात भरपूर आहेत. मग ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आईंना सांगू नका."

6 फेब्रुवारी

थंडी ओसरली. वायर दिवसभरात एकदोनदाच चालू होते. साहेबांनी आज तीन नर गट्ट केले, तिसरा पाण्याला टेकायच्या आत. झाकणावर परत वजन ठेवलं, अरोवानाची उडी भरवशाची नसते.

आई संध्याकाळी आली, हातात गाजराचा तुकडा. "लेकुरवाळी कुठाय रे?"

मोठ्या टबात शंभरावर माद्या. सगळ्या सारख्या. मी ट्रे उचलला आणि पुढंच बसलेल्या एकीकडं बोट दाखवलं.

आईनं चष्मा वर-खाली करून तिला बघितलं. "वाळलीय," म्हणाली, आणि गाजर तिच्या तोंडाशी ठेवलं. "पिल्लं?"

"मोठी झाली. वेगळी ठेवलीत."

"बरं केलंस," म्हणाली, आणि वाटीतलं पाणी बघायला खाली वाकली.