तंबूतलं दव: सहाव्या रात्री कोरडे उठलो

सकाळी साडेसहाला हात आधी पायथ्याशी गेला. स्लीपिंग बॅग कोरडी! दोन महिन्यांत तंबूत काढलेल्या पाचही रात्री पहाटे आतून पाणी टपकून भिजलो. ते रडगाणं ज्यांनी वाचलंय, त्यांना हा आनंद समजेल.

येळवशीच्या, म्हणजे रानात पूजा आणि जेवण करायच्या वेळ अमावस्येच्या, आदल्या संध्याकाळी आम्ही चौघं औसा तालुक्यातल्या मित्राच्या रानात उतरलो. दुसऱ्या दिवशी घरची मंडळी भज्जी, उंडे, आंबील घेऊन येणारच होती, तेव्हा यंदा रात्रही तिथंच काढू असं ठरलं. भोवती पोटऱ्यात आलेली ज्वारी, खाली काळी जमीन, शेजारी ओढा. दव पडायला याहून चांगली जागा सापडणार नाही, आणि उपाय तपासायचे म्हणून मला ते पडायलाच हवं होतं.

आतापर्यंत काय काय केलं ते थोडक्यात. आधी वाटलं तंबू गळतोय, म्हणून शिवणींवर सीम सीलरचे, म्हणजे शिवण बुजवणाऱ्या द्रवाचे, दोन हात दिले. पाणी आतूनच येतंय हे कळल्यावर वरचे व्हेंट (हवेचे झरोके) उघडे ठेवले, मग दार अर्धं उघडं ठेवलं, मग तिघांऐवजी दोघंच झोपलो. दर वेळी थोडा फरक पडला, पण पहाटे चारला थेंब कपाळावर हजर. ऑनलाइन घेतलेल्या या तंबूचा फ्लाय, म्हणजे वरून टाकायचं बाहेरचं कापड, जमिनीपासून वीतभर वरच संपतो. विकणाऱ्याने ‘डबल वॉल’ (आतला तंबू आणि बाहेरचं आवरण वेगळं) लिहून पूर्ण झाकलेला फोटो लावला होता, आणि तक्रारीला आजवर उत्तर नाही. घेण्याआधी फ्लायची खालची कड कुठवर येते ते विचाराच.

संध्याकाळी मित्राची आई कोपीची, म्हणजे पूजेसाठीच्या कडब्याच्या खोपीची, जागा साफ करायला आल्या. मी फ्लायला थर्मामीटर चिकटवत होतो. त्या म्हणाल्या, “उघड्या आभाळाखाली पडल्यावर दव येणारच की रं. उगं कशाला भिजायलाव? कडब्याच्या आडोशाला पडा.” वर बजावलं, “पूजेच्या कोपीला हात लावू नका, गंजीतल्या पेंढ्या घ्या.”

मी दोन महिने तंबूच्या आतली हवा धरून बसलो होतो. काकूंनी बोट आभाळाकडे दाखवलं. निरभ्र रात्री कापड आपली ऊब थेट आभाळाकडे सोडतं आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतं. ते दवबिंदूच्या, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्या तापमानाच्या, खाली उतरलं की बाहेरून दव धरतं आणि आतून आपल्याच श्वासाची वाफ त्यावर थिजते. अशा कापडाला व्हेंट किती पुरणार?

मग सगळा बेत बदलला. एकाच मापाचे दोन तंबू, मध्ये सहा हातांचं अंतर, दोन्हींत दोघं दोघं. एक उघडा. दुसऱ्यावर चार बांबू रोवून आडवे वासे टाकले आणि चौदा पेंढ्या पसरल्या, फ्लायपासून हातभर वर. बांधायला लातूरच्या गंजगोलाई बाजारातून आणलेली सुतळी. कॅम्पिंगच्या दुकानातली गुळगुळीत नायलॉनची दोरी दवात गाठ सोडते, सुतळी ओली झाली की आणखी आवळते.

पहाटे पाचचे आकडे: हवा 10.1 अंश, आर्द्रता 85 टक्के, म्हणजे दवबिंदू 7.7 च्या आसपास. उघडा फ्लाय 6.8. कडब्याखालचा 9.4. स्पंजने पुसून कपात पिळलं, तर उघड्या तंबूतून 180 मिली पाणी निघालं. कडब्याखालच्या तंबूत डोक्याशी जरा ओल होती, पिळण्याइतकी नाही. मी तो स्पंज तिघांना फिरवून दाखवला.

बाकीची रात्रही सुरेख गेली. एकच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून 18-19 अंशांवर अगस्त्याचा तारा स्पष्ट दिसला. चौघांपैकी दोघांनी तो आयुष्यात पहिल्यांदा ओळखला. हॅमॉकही (टांगती झोळी) पहिल्यांदाच बांधला, बांधावरच्या दोन आंब्यांमध्ये. लांबीच्या रेषेत सरळ न झोपता तिरकं झोपलं की पाठ सरळ राहते, हे खरं निघालं. सकाळची आंबील मी तीन तांबे प्यायलो.

आता पुढचं. चौदा पेंढ्या पाठीवर नेता येत नाहीत, म्हणून कडब्याच्या जागी हलकी ताडपत्री फ्लायच्या हातभर वर ताणायची असं ठरवून काल मापंही काढली, 10 बाय 12 फूट. ती स्वतः गार होईल, पण फ्लायला आभाळ दिसणार नाही.

हे लिहिताना मात्र एक गोष्ट लक्षात आली. आमच्यातला एकजण दोननंतर तंबू सोडून हॅमॉकमध्येच झोपला होता. वर काही नाही, अंगावर साधी वाकळ. आत्ताच त्याला फोन करून विचारलं. वाकळ कोरडी होती! वर आंब्याचा दाट डेरा होता, आणि बांध आमचे तंबू होते त्या ओढ्याकाठच्या खोलगट जागेपेक्षा कमरेइतका उंच.

म्हणून ताडपत्रीची खरेदी थांबवली आहे. हुरड्याला जाऊ तेव्हा एक तंबू आंब्याखाली, एक त्याच बांधावर उघड्यावर आणि एक खाली ओढ्याजवळ. म्हणजे डेऱ्याचा वाटा किती आणि उंचीचा किती ते वेगळं कळेल. आंब्याच्या वाळक्या फांद्या आधी उतरवून घ्यायला मित्राला सांगितलंय. तिसरा तंबू हवाय. लातुरात कुणाकडे दोन माणसांचा पडून असेल तर कळवा, दव पुसून परत करीन.