जुनी रेसिंग सायकल फिक्सी करताय? आधी मागचं हब बघा

फिक्सी म्हणजे मागचं दातेरी चक्र चाकाला पक्कं बसवलेली सायकल, चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतंच. रंग आणि हँडलची टेप नंतर. आधी मागचं चाक फ्रेममध्ये जिथे बसतं ती खाच बघा. ती आडवी किंवा तिरकी असेल तरच पुढे जा, कारण फिक्सीत चेनला ताण चाक मागे ओढूनच द्यायचा असतो. १९७०-८०च्या स्टील फ्रेमना बहुधा अशीच खाच असते. उभी खाच असेल तर ती सायकल गिअरचीच राहू द्या. चेन ताणून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर लावून भागत नाही, पायडलवर उलटा जोर आला की तो वाकतो.

आता हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. फ्रीव्हील (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारं दातेरी चक्र) काढून त्याच आट्यांवर फिक्स्ड कॉग (चाकाबरोबरच फिरणारं दातेरी चक्र) चढवायचा मोह सगळ्यांना होतो. आटे तेच (१.३७ इंच, इंचाला २४), त्यामुळे कॉग झकास बसतो. पण पाय मागे दाबून वेग कमी करायला गेलात की तोच कॉग सुटायला लागतो. वरून बॉटम ब्रॅकेटची (पायडलच्या दांड्या, म्हणजे क्रँक, ज्यात फिरतात त्या भागाची) लॉकरिंग, म्हणजे अडकवून ठेवणारी कडी, आवळली तरी तिचे आटेही सुलटेच, दोघं मिळून सुटतात. याला सुइसाइड हब म्हणतात ते उगाच नाही. ट्रॅक हबवर (ट्रॅकवरच्या शर्यतीच्या सायकलचं हब) कॉगच्या बाहेर लहान व्यासाचे उलटे आटे असतात. कॉग सुटू लागला की लॉकरिंग आणखी आवळते. पैसे खर्च करायचेत ते इथे.

ट्रॅक हब १२० मिमी रुंद, सहा-सात गिअरच्या फ्रेमची मागची जागा १२६ची. ॲक्सलवर दोन्ही बाजूंना ३ मिमीचे स्पेसर घाला, फ्रेम आवळून जुळवू नका. कॉग सायकलच्या मधल्या रेषेपासून ४२ मिमीवर येतो. पुढच्या दोन चेनरिंगपैकी (क्रँकला जोडलेली दातेरी चक्रं) आतली साधारण तिथेच असते, म्हणून बाहेरची काढा आणि आखूड बोल्ट घ्या. मापताना सीट ट्यूबच्या कडेपासून दातांच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि त्यात १४.३ मिमी मिळवा (नळी २८.६ची असेल तर). एक-दीड मिमीचा फरक खपतो.

आतली रिंग बहुधा ४२ दातांची. मागे १६चा कॉग लावला तर शहरात बरं पडतं आणि स्किड मारताना (पाय अडवून मागचं चाक घसरवताना) टायर आठ ठिकाणी झिजतो. ४४ला १६ लावलात तर चारच ठिकाणी.

मूळ चाकं २७ इंची असतील आणि किंचित लहान ७००सी मापाची लावलीत, तर ब्रेकचे रबर ४ मिमी खाली यायला हवेत. पुढचा ब्रेक ठेवाच, दिसायला कसाही असो.

चेन मधोमध वरखाली सेंटिमीटरभर हलावी. क्रँक फिरवताना एका जागी ताठ आणि दुसरीकडे सैल झाली, तर चेनरिंग किंचित एका अंगाला बसलीय. बोल्ट जरा ढिले करा, चेन सगळ्यात ताठ होते तिथे थांबा, हलक्या हाताने चेनवर ठोका, बोल्ट पुन्हा आवळा.

पहिली फेरी चढावर मारा. जोर पडला की कॉग आणखी आत बसतो आणि लॉकरिंग ढिली पडते, ती घरी येऊन पुन्हा आवळा. वळणावर पायडल मारणं थांबवता येत नाही आणि रोड फ्रेमचं बॉटम ब्रॅकेट खाली असतं. १७० मिमीऐवजी १६५चे क्रँक लावले तर पायडल रस्त्याला कमी घासतं.