ऑपरेशन झालं ना, मग अजून रक्त कशाला?

‘गाठ काढली, आता चेहराही निवळलाय, मग दर काही महिन्यांनी रक्त काढून मुंबईला कशाला पाठवतेस? एमआरआय केला की कळत नाही का?’ माहेर, सासर, शाळेतल्या सहकारी, सगळ्यांनी हे विचारून झालंय. विचारण्यात माया असते, मला कळतं. पण माझं उत्तर पुरं व्हायच्या आत समोरचा म्हणतो, ‘म्हणजे बरी आहेस ना?’ तिथेच विषय संपतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं लिहिते.

अ‍ॅक्रोमेगाली म्हणजे काय, ते माझ्यामुळे तुम्हाला पाठ झालंय. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवरची गाठ, तिने सोडलेलं जास्तीचं ग्रोथ हार्मोन, वाढत गेलेली चप्पल, सराफ बाजारात कापून काढावी लागलेली अंगठी. ते पुन्हा सांगत नाही.

एमआरआयमध्ये गाठीचा आकार दिसतो. ती हार्मोन सोडते का आणि किती, ते दिसत नाही. नाकातून ऑपरेशन केल्यावर आत जे उरतं तो व्रण की गाठीचा तुकडा, हेही दरवेळी चित्रावरून ठरत नाही. ‘मग ग्रोथ हार्मोनच मोजा,’ माझे दीर म्हणाले. पण ते धडधाकट माणसातही लाटेसारखं येतं. दिवसा बराच वेळ नगण्य असतं, झोपेत एकदम वर जातं. कुठल्यातरी एका मिनिटाच्या रक्तावरून काय ठरवायचं? म्हणूनच निदानाच्या वेळी मला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तास थोड्या थोड्या वेळाने रक्त घेत राहिले. साखर गेली की निरोगी माणसाचं ग्रोथ हार्मोन खाली बसतं. माझं बसलं नाही. आता ग्रोथ हार्मोन दाबणारं महिन्याचं इंजेक्शन चालू आहे, त्यात या चाचणीचा फारसा उपयोग होत नाही.

राहतं आयजीएफ-वन, रक्तातलं दुसरं एक हार्मोन. ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून यकृत ते बनवतं, आणि दिवसभरात त्यात फार चढउतार होत नाही. उपाशीपोटी जावं लागत नाही. मात्र तो आकडा वयासोबत वाचायचा. वयात येताना तो सगळ्यात वर असतो, पुढे उतरत जातो. ३०० नॅनोग्रॅम हा आकडा अठरा वर्षांच्या मुलीला चालेल, पन्नाशीच्या बाईला नाही. त्यात प्रत्येक लॅबचं किट निराळं, म्हणून मी लॅब बदलत नाही. ‘आमच्या कॉलेज रोडवर स्वस्तात होतं’ असं कृपा करून सांगू नका.

पण तुम्हाला खरं सांगायचंय ते त्या दिवाळीच्या आधीचं.

माझी पाळी बिघडली होती, स्त्रीरोगतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या. पुढचा आयजीएफ-वनचा रिपोर्ट मोबाईलवर आला आणि आकडा पहिल्यांदाच मर्यादेत होता. शेजारी ठळक अक्षरात ‘जास्त’ असायचं, ते नव्हतं. मी तो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंनी काळारामाला पेढे ठेवले. माझ्या आईचा फोन आला, ती काही बोलेना, नुसती रडत होती.

हार्मोनच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि बाजूला ठेवला. माझा हात हातात घेऊन बोटांच्या पेरांवरची त्वचा चिमटीत धरून पाहिली, मग विचारलं, ‘नवीन काही औषध चालू आहे?’ मी पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढून दिली. त्यांनी ती उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं. म्हणाले, ‘यात इस्ट्रोजेन आहे. तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात जातं, आणि मग यकृत ग्रोथ हार्मोनला दाद देत नाही. आयजीएफ-वन कमी बनतं. गाठ मात्र होती तेवढीच जोरात असू शकते.’

दोन्ही डॉक्टरांनी बोलून गोळी थांबवली. काही आठवडे थांबून पुन्हा रक्त दिलं. आकडा मर्यादेबाहेर गेला. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, मग तो आधीचा रिपोर्ट खोटा होता का?’ खोटा नव्हता. रक्तात आयजीएफ-वन खरोखरच तेवढं होतं. हे त्यांना समजावताना माझाच आवाज फुटेना.

लोक म्हणतात, डॉक्टरांना आधीच सांगायचं होतंस. मला कुणी विचारलं नव्हतं. लॅबच्या फॉर्मवर नाव, वय, लिंग एवढंच होतं. पाळीच्या गोळीचा मेंदूतल्या गाठीच्या तपासणीशी संबंध असेल, हे रुग्णाने कुठून ओळखायचं? हे मी आजही ठासून सांगते.

आणि एक गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही. त्या गोळीच्या दिवसांत माझा घाम कमी झाला होता. सकाळी मूठ सहज वळत होती. तेव्हाची मी म्हणते, ते खरं होतं. आजची मी म्हणते, रिपोर्ट पाहून वाटलं असेल. पण घाम तर रिपोर्ट यायच्या आधीपासूनच कमी होता. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, एके काळी या आजारात इस्ट्रोजेन औषध म्हणूनच देत. मग मी त्या दिवसांत थोडी बरी होते की नव्हते? त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही, आणि मलाही ते अजून देता येत नाही.

इंजेक्शनचा डोस वाढवल्यावर आता आकडा मर्यादेत आहे, या वेळी गोळीशिवाय. गुडघे मात्र दुखतात. सांध्यांची जी झीज झाली ती आकडा उतरला म्हणून भरून येत नाही. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल, मग जिना चढताना का थांबतेस?’ असं विचारू नका, त्याने फार लागतं.

रक्त मी देत राहणार. गाठ पुन्हा जागी झाली, तर आरशात दिसायला वर्षं जातील. पहिल्या वेळी गेलीच होती, आणि तुम्ही सगळे मला रोज बघत होतात.