तुम्ही विचारलंत म्हणून: देवराईत पेव्हर ब्लॉक का नकोत?

लग्नात, सोसायटीच्या सभेत, आता नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही हाच प्रश्न येतो: तुम्ही लँडस्केप आर्किटेक्ट ना, मग देवळाभोवती कुणी सुशोभीकरण केलं की तुमच्या पोटात का दुखतं? २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले (११ आपले, बारावा तमिळनाडूतला जिंजी), तेव्हापासून त्याला पुरवणीही जोडली गेली आहे. ‘किल्ल्यांचं ठीक, पण त्या रानात कसला आलाय वारसा?’

एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या लग्नात जेवता येईल.

लॉनशी माझं वैर नाही. बंगल्यांना मीही लॉन करून देते, ऑफिसचं भाडं त्यावरच निघतं. पण देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, ही पडीक जागा नव्हे. फांदी तोडायची नाही, वाळकं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही, हे नियम म्हणजेच तिथलं डिझाईन. फक्त त्यावर कुणा आर्किटेक्टची सही नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकातच या रायांचा अभ्यास मांडला. १९९२ मध्ये युनेस्कोनेही माणूस आणि निसर्ग यांनी मिळून घडवलेल्या प्रदेशांना वारशात वेगळा प्रकार म्हणून मान्यता दिली. भिंत नाही, शिल्प नाही, फक्त श्रद्धेने राखलेली जागाही त्यात बसते. मी शिकत होते तेव्हा मुघल चारबागेवर आठवडेच्या आठवडे गेले आणि देवराई एका व्याख्यानात उरकली.

आता एका गावाचं. रत्नागिरी जिल्ह्यातलं आहे, नाव नको. जुनं कौलारू देऊळ पाडून सिमेंटचं झालं होतं, राहिला होता परिसर. निधी मंजूर, मार्चअखेर खर्चायचा. यादी तयारच होती: पेव्हर ब्लॉक, पत्र्याची शेड, कारंजं, हायमास्ट. देवळामागे बेहडा, सातवीण, आणि त्यांच्यावर चढलेली गारंबी. तिच्या हातभर शेंगा डोक्यावर लोंबत होत्या. राईच्या पायथ्याशी झरा, त्याचं पाणी दगडी पन्हळीतून खालच्या वाडीला. मी नकाशात पेव्हर सभामंडपाच्या कडेला थांबवले, पायवाट जांभ्याची ठेवली, तिला दिवे दिले आणि झऱ्याच्या वरचं रान जसंच्या तसं सोडलं. कारणही सांगितलं: तो पाचोळा पाऊस धरून ठेवतो म्हणून वैशाखात पन्हळ वाहते.

वाद मुंबईकर मंडळ घालेल असं वाटलं होतं. ते गप्प बसले. बोलल्या त्या खालच्या वाडीतल्या एक काकी. “मॅडम, नवरात्रात आम्ही रात्रीच्या आरतीला येतो. ह्याच पाचोळ्यात माझ्या सुनेला फुरसं चावलं. महिनाभर हॉस्पिटलात होती. तुम्ही रान बघून पुण्याला जाणार.”

यावर माझ्याकडे झऱ्याचं गणित होतं, पण तिथे ते तोंडातून निघेना. म्हटलं, राईतल्या झाडाला हात लावायचा तर देवीला विचारतात ना, मग विचारा. गुरवाने कौलासाठी देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना कळे (फुलांच्या कळ्या) लावले. सगळे हात जोडून उभे. बराच वेळ काही हललं नाही, मग उजवा कळा पडला. परवानगी.

मार्च संपायच्या आत जेसीबी फिरला. पुढच्या खेपेला गेले तेव्हा गारंबीचे तुकडे शेडच्या खांबाशी रचून ठेवले होते आणि पेव्हरवर चप्पल काढवत नव्हती इतकं ऊन.

परतताना गाडीत मी ठणकावून सांगत होते की कौल ‘मॅनेज’ केला. पुरावा शून्य. आणि समजा नसेल केला तर? गावच राईचा राखणदार, असं मीच भाषणांत सांगत आले. मग राखणदाराने रीतसर देवीला विचारून ठरवलं तर आडवं पडणारी मी कोण? जिवंत परंपरा म्हणायचं आणि तिने माझ्या नकाशाबाहेर पाऊल टाकलं की गळा काढायचा, हे काही खरं नाही. दुसरीकडे, निधीचा ३१ मार्च नसता तर हा कौल त्या दिवशी लागलाच नसता, हेही तितकंच खरं. पण काकींच्या सुनेला फुरसं चावलं त्याचा निधीशी काय संबंध? पायवाटेच्या दिव्यांनी भागलं असतं का? मला अजून सांगता येत नाही.

झरा आता चैत्रातच करंगळीएवढा होतो, असं वाडीतले सांगतात. मंडळ म्हणतं, वरच्या बोअरवेलमुळे. दोन्ही असेल.

तुम्ही विचारायच्या आत सांगून टाकते: त्याच मंडळाला शिमग्यासाठी सहाणेजवळ (पालखी बसते त्या चौथऱ्याजवळ) पार्किंग हवंय, आणि काम मी घेतलंय. या वेळी नकाशा काढायच्या आधी काकींकडे जाणार आहे. निधी अर्थातच मार्चअखेर परत जाणारा.