पान्याला फिरायला जागा

हेडलाइटचा बल्ब उडाला तर तो पाच मिनिटांत बदलता येतो, असं गाडीसोबत मिळालेलं पुस्तक म्हणतं. पुस्तकातलं चित्र पाहून ते पटतंही. चित्रात दिव्याची पाठ असते, तिच्यामागे कोरी पांढरी जागा असते आणि त्या जागेत मनगटापाशी संपणारा एक आनंदी हात असतो. बोनेट उघडल्यावर मात्र त्या पांढऱ्या जागेवर बॅटरी बसलेली दिसते. दुसऱ्या दिव्यामागे एअर फिल्टरचा डबा. मधल्या फटीतून बोटं आत जातात, अंगठ्याचं बूड अडकतं. हात रेटून घातलाच तर आतलं काही दिसत नाही, कारण बघायची वाटही तीच असते.

काम तसं सोपं आहे. दिवे बंद करायचे, तीन पिनांचं कनेक्टर मागे ओढायचं, काळं रबरी बूट काढायचं, तारेची स्प्रिंग दाबून बाजूला सारायची आणि बल्ब ओढायचा. नवा एच-४ बल्ब धातूच्या बुडाशी धरायचा. काचेला बोट लागलं तर कातडीचं तेल तिथे राहतं, ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. बुडाला तीन कान असतात, ते खाचेत नीट बसल्याशिवाय स्प्रिंग लावायची नाही. आणि रबरी बूट कडेकडेने दाबून पूर्ण बसवायचं. गोव्यात हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. जूनमध्ये घाईने तिरकं बसवलेलं बूट जुलैत दिव्याच्या आत धुकं धरतं आणि गणेश चवथीपर्यंत रिफ्लेक्टरची चकाकी गेलेली असते. साठ-पंचावन्न वॉटच्या जागी शंभर-नव्वदचा बल्ब, तोही रिले (बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच) न लावता, घालण्याची हौस अनेकांना असते. त्यांचं कनेक्टर वितळतं आणि मग बल्बाऐवजी वायरिंगचं काम निघतं.

जागा नसेल तर बॅटरी काढावी लागते. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, लावताना उलट. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हच्या नटावरचा पाना बॉडीला टेकला, तर तो पानाच वायर होऊन बसतो. म्हणजे एका बल्बासाठी दोन टर्मिनल, एक क्लॅम्प, दहा-बारा किलोची बॅटरी, आणि परत जोडल्यावर घड्याळ लावणं, रेडिओचा कोड शोधणं, पॉवर विंडोला आपली हद्द पुन्हा शिकवणं. घरच्या दुरुस्तीचं सगळं दुखणं यात आलं. बिघडलेला भाग फारसा छळत नाही. छळतात ते त्याच्या वाटेवर बसलेले धडधाकट भाग. ते काढावे लागतात आणि काढताना मोडतात.

ही दाटी कोणाच्या दुष्टपणातून आलेली नाही. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीत इंजिन लांबीला उभं असायचं, गिअरबॉक्स त्याच्यामागे, दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा. स्टार्टर, डायनॅमो, स्पार्क प्लगांना वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर सगळं वरून दिसायचं. पडलेला नट थेट जमिनीवर सापडायचा. १९५९ मध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी मिनीत इंजिन आडवं केलं आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली, इंजिनच्याच तेलात ठेवला. जेमतेम दहा फूट लांबीच्या गाडीत चार माणसं बसली. त्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर पुढच्या जाळीमागे आला आणि पावसात भिजून गाडी बंद पडू लागली, ही बाब आपल्याकडच्या कोणालाही लगेच कळेल. पुढे १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलाने गिअरबॉक्स इंजिनच्या टोकाला लावला आणि आजची जवळजवळ प्रत्येक छोटी गाडी त्याच मांडणीची आहे. प्रवाशांच्या गुडघ्यांना जे मिळालं ते मेकॅनिकच्या कोपरांकडून घेतलेलं आहे.

आपल्याकडे त्यात कराची रेघ आली. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतच्या गाडीवरचं अबकारी शुल्क कमी झालं. पुढे जीएसटीतही ती रेघ राहिली. मग चार मीटरांत डिकी हवी, मागे पाय पसरायला जागा हवी, एसी हवा, एअरबॅग हव्या. कात्री लागते ती पुढच्या टोकाला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यावर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून इंजिनला आणखी चिकटला. पूर्वी हात घालायला जी एक फट उरायची तिथे आता पत्र्याचं हीट शील्ड आहे, आणि त्याच्या कडा धारदार असतात.

खरी अडचण मात्र अंशांची आहे. षटकोनी नटाच्या दोन बाजूंमध्ये साठ अंश असतात. साध्या उघड्या तोंडाच्या पान्याला पुढची पकड घेण्यापूर्वी तेवढं फिरावं लागतं. त्याचं तोंड पंधरा अंश तिरकं असतं ते याचसाठी: दरवेळी पाना पालथा केला की तीस अंशांत भागतं. बारा कोनांच्या रिंग पान्यालाही तीस लागतात. बहात्तर दात्यांच्या रॅचेटला, म्हणजे बोल्टवरून न उचलता मागेपुढे हलवायच्या दांडीला, पाचच. दहाच्या पान्याने फिरणारा बोल्ट बहुधा एम-६, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचा, असतो आणि त्याचा आटा एका फेऱ्यात एक मिलिमीटर सरकतो. वीस मिलिमीटर आत गेलेला बोल्ट बोटांनी फिरत नसेल तर वीस फेरे. तीस अंशांची जागा असेल तर एका फेऱ्याला बारा हिसके. दोनशे चाळीस हिसके, तेही फायरवॉलला, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला, पोर टेकवून, आंधळेपणाने. अशा वेळी दाते मोजून रॅचेट विकत घेणाऱ्या माणसाची टिंगल करू नये.

पण रॅचेट आणि त्याला लावायची वाटी, म्हणजे सॉकेट, मिळून उंची वाढते आणि बोल्टच्या डोक्यावर तेवढी जागा नसते. तिथे सपाट रॅचेट-रिंग पाना चालतो. वरून वाट सरळ असेल तर लांब एक्स्टेंशन, थोडी वाकडी असेल तर युनिव्हर्सल जॉइंट. मात्र जॉइंट जास्त वाकवला की सॉकेट तिरकं बसतं आणि बोल्टचं डोकं गोल करतं. सॉकेट सहा कोनांचंच घ्यावं. बारा कोनांचं सॉकेट पटकन बसतं पण टोकांवर धरतं, आणि खाऱ्या हवेत मऊ पडलेल्या डोक्याला तेवढं निमित्त पुरतं. पान्यांचा संच घेतानाही गाडीचं कुळ बघावं. मारुती, टोयोटा, होंडा यांत दहा, बारा, चौदा, सतरा चालतात. तेरा नंबर डब्यात नवाच्या नवा राहतो. युरोपीय वळणाच्या गाड्यांत एम-८ बोल्टचं डोकं तेराचं, त्यामुळे तिथे बारा नंबर नुसता शोभेला. दहा सगळीकडे लागतो, म्हणून हरवतोही तोच. तीन घेऊन ठेवावेत.

किनाऱ्याजवळ, म्हणजे कळंगुट-कोलव्यापासून वास्कोपर्यंत कुठेही, बोल्ट काढणं हे वेगळंच प्रकरण आहे. ॲल्युमिनियमच्या भागात पोलादी बोल्ट आणि वर मिठाची दमट हवा. दोन धातूंमध्ये जी पांढरी भुकटी तयार होते ती बोल्ट घट्ट धरून ठेवते. आदल्या संध्याकाळी पेनिट्रेटिंग ऑइल मारावं, डोक्यावर हलके ठोके द्यावेत. सकाळी आधी किंचित आवळायच्या दिशेने जोर द्यावा, मग सोडवायच्या. करकर आवाज येऊन बोल्ट हलला की लगेच पूर्ण काढायला जाऊ नये. थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा तेल. लायटर किंवा गॅसची शेगडी दाखवण्याचा मोह होतो, पण शेजारीच पेट्रोलची नळी असते. बोल्ट आत तुटला तर ड्रिल करून काढायला लागणारी जागा त्या गाडीत नाही, हे लक्षात ठेवून जोर लावावा.

परत लावताना उलटा धोका. न दिसणाऱ्या भोकात बोल्ट आधी डावीकडे फिरवायचा. आटा आट्यावर आला की बोटाला हलका खट लागतो, तेव्हा उजवीकडे. स्पार्क प्लगसाठी पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा सगळ्यात उत्तम. प्लगचं वरचं टोक नळीत खोचून खोल विहिरीत सोडायचा आणि नळीच फिरवायची. आटे वाकडे जात असतील तर नळी घसरते. रॅचेट घसरत नाही, ते इंजिनच्या हेडमधले आटे कापत जातं. हाताने टेकल्यावर नवा, वायसर असलेला चौदा मिलिमीटरचा प्लग अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळला की पुरे. एम-६ बोल्टला साधारण दहा न्यूटन मीटर, म्हणजे वीतभर लांबीच्या पान्याच्या टोकाला पाच किलोचा जोर. प्लॅस्टिकवर त्याहून कमी. अडचणीच्या जागी माणूस नेमका जास्त आवळतो, कारण पुन्हा तिथे हात घालायची इच्छा नसते.

पडलेला नट हल्ली जमिनीवर येत नाही. इंजिनखाली प्लॅस्टिकचा तवा असतो, त्याच्या एखाद्या खळग्यात लाल चिखलात तो जाऊन बसतो. लोहचुंबकाची दांडी उपयोगी, पण स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमला ती बहुधा हुंगतही नाही. तवा काढायचा तर दहा-बारा प्लॅस्टिकच्या क्लिपा. उन्हात आणि इंजिनच्या उष्णतेत तापून त्या पापडासारख्या झालेल्या असतात, आणि निम्म्या तरी मोडतात. कनेक्टरच्या कानांचंही तेच. ओढायचं कनेक्टर धरून, वायर धरून नव्हे, आणि कान दाबण्याआधी कनेक्टर किंचित आत ढकलायचं म्हणजे लॉकवरचा ताण जातो. गाडी सहा-सात वर्षांची असेल तर क्लिपांची पुडी आधीच आणून ठेवावी. काढलेले बोल्ट करवंट्यांत ठेवायचे, एका भागाचे एका करवंटीत. त्या गडगडू नयेत म्हणून वाळूत रोवायच्या.

इंजिनच्या बाजूचा, अल्टरनेटर वगैरे फिरवणारा पट्टा बदलायचा तर वाट वरून नसतेच. बाजूचं चाक काढायचं, आतलं मडगार्ड सोडवायचं, काही गाड्यांत जॅकने इंजिन पेलून त्याला धरणारं माउंटिंगही काढायचं. इथे एक वाईट सवय सांगायलाच हवी: चाक काढलेल्या गाडीखाली जांभ्याचे चिरे रचणं. चिरा भिंतीत वर्षानुवर्षं भार घेतो, कारण भार पसरलेला असतो. गाडीचा भार एका बोटभर कडेवर येतो, चिरा सच्छिद्र असतो, पावसात भिजलेला असतो, आणि फुटताना सांगून फुटत नाही. जॅकखाली जाड फळी, आणि गाडीखाली लोखंडी स्टँड. स्टँड नसेल तर त्या दिवशी गाडीखाली शिरू नये. रेडिएटरच्या पंख्यापासूनही बोटं लांब. तो विजेवर चालतो आणि काही गाड्यांत चावी काढल्यावरही आपल्या मर्जीने सुरू होतो.

दाटीचा फायदा घेणारेही आहेत. पावसात उंदरांना कोरडी, उबदार आणि कोणी हात न घालणारी जागा हवी असते, आणि ती मोटार कंपन्यांनी तयार ठेवलेली आहे. काथ्याचं घरटं, शेजारी कुरतडलेली सेन्सरची वायर. तंबाखूच्या पुड्या टांगण्यावर फार विसंबू नये. आठवड्यातून एकदा बोनेट उघडणं जास्त कामाचं. तेव्हाच वायपरखालच्या जाळीत अडकलेली आंब्या-फणसाची पानं काढावीत. तिथली निचऱ्याची भोकं बुजली की पाणी ब्लोअरमधून थेट पायाखालच्या गालिच्यावर येतं, आणि माणूस गळती दरवाजाच्या रबरात शोधत बसतो.

सुटा भाग आणायला म्हापशाला किंवा मडगावला जाताना जुना भाग आणि चासी नंबर दोन्ही न्यावं. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांतही भाग वेगळे निघतात. पट्ट्यावर ४पीके किंवा ६पीके आणि पुढे आकडा छापलेला असतो: आधी पन्हळींची संख्या, नंतर मिलिमीटरमधली लांबी. छपाई पुसलेली असते, म्हणून काढण्याआधी पट्टा कुठून कसा जातो त्याचा फोटो घ्यावा आणि पन्हळी मोजाव्यात. लांबी जरा कमी-जास्त असली तरी पट्टा ओढून बसतो किंवा ताणला जात नाही. आणि हे काम चवथीच्या तोंडावर काढू नये. आणलेला पट्टा जुळला नाही तर दुकान पुन्हा उघडेपर्यंत गाडी तीन चाकांनिशी पोर्चमध्ये स्टँडवर उभी राहते, आणि माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं, सगळं सामान स्कूटरवरून आणावं लागतं.