शेततळ्यातल्या माशांना खाद्य गोणीतून द्या, फेकून नको

कागद म्हणजे प्लास्टिकचं अस्तर अंथरलेल्या शेततळ्यात काठावर उभं राहून पेंड-कोंडा मुठीने फेकला, तर त्यातला बराचसा माशांच्या तोंडी लागण्याआधीच तळाला जातो. मातीच्या तळ्यात तळाशी पडलेलं अन्न मृगळ मासा वेचतो, उरलेलं मातीत जिरतं. कागदावर मात्र ते तसंच कुजतं, काळा गाळ साचतो, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. मग मासे मरायला लागले की दोष मत्स्यबीजाला दिला जातो.

त्यावर साधा उपाय म्हणजे गोणी. पेंडीची रिकामी गोणी घ्या. खताची घ्यायचीच असेल तर चार वेळा खळखळून धुवा. खालच्या भागात वीतभर अंतरावर बोट जाईल एवढी छिद्रं दोन ओळींत पाडा. शेंगदाणा पेंड फोडून चार-पाच तास भिजवा आणि तेवढाच भाताचा कोंडा घालून घट्ट मळा. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे. सैल झालं तर छिद्रांतून आपोआप गळतं आणि फेकून दिल्यासारखंच होतं.

गोणी टांगायला तळ्यात बांबू रोवू नका, टोकाने कागद फाटतो. एका कोपऱ्यात दोन काठांना मेखा ठोकून तिरकी नायलॉनची दोरी ताणा आणि छिद्रं पाण्याखाली फूटभर राहतील अशी गोणी तिला बांधा. (कागदावर पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. गाठी मारलेला दोर चारही बाजूंनी तळ्यात सोडलेला असलाच पाहिजे आणि या कामाला एकट्याने जाऊ नये.) पहिला आठवडाभर मासे बिचकतात. मग सवय लागते, गोणी हलताना काठावरून दिसते.

आता किती द्यायचं. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात ९०० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली, त्यातली ८१० जगली आणि सरासरी वजन २०० ग्रॅम भरलं, तर एकूण मासळी १६२ किलो. तिच्या ३ टक्के म्हणजे रोज सुमारे ५ किलो खाद्य, अडीच-अडीच किलोच्या दोन गोण्यांत. मासा ५० ग्रॅमच्या आत असेल तर ५ टक्के, अर्धा किलोच्या वर गेला की २ टक्के पुरतं. दर पंधरा दिवसांनी फेकजाळ्याने वीस-पंचवीस मासे काढून वजन करा, अंदाजाने वाढवत जाऊ नका. रोजचा हिशोब गोणीच सांगते. दोन तासांनी उचलून पाहा. शिल्लक असेल तर दुसऱ्या दिवशी पाव हिस्सा कमी. तासाभरात रिकामी झाली तर थोडं वाढवा.

वेळ सकाळी नऊ-दहाची, ऊन पडल्यावर. पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो आणि खाल्लेलं पचवायलाही तो लागतो. मासे वर येऊन हवा गिळत असतील किंवा दोन दिवस आभाळ भरून असेल, तर त्या दिवशी गोणी बांधूच नका. एक दिवस उपाशी राहून मासा मरत नाही. डिसेंबर-जानेवारीत पाणी २० अंशांच्या खाली गेलं की निम्म्यावर या. हात कोपरापर्यंत बुडवत नेताना पाणी मनगटाला लागतानाच तळवा दिसेनासा झाला, तर हिरवं पाणी फार दाट झालंय. पाणी हिरवं व्हावं म्हणून शेण टाकत असाल तर अशा वेळी ते थांबवा. पेंडीला बुरशीचा वास आला तर ती माशांनाही नको, गुरांनाही नको.

धरणातल्या पिंजऱ्यांत ही पद्धत चालत नाही. तिथे पंगस, तिलापिया हे मासे दाटीने ठेवलेले असतात, त्यांना तरंगत्या गोळ्याच लागतात. पाण्याच्या पातळीला आतून बारीक जाळीचा पट्टा बांधला नाही तर वाऱ्याने गोळ्या पिंजऱ्याबाहेर जातात. माशांची झुंबड ओसरू लागली की हात थांबवायचा, पोट गच्च भरेपर्यंत घालायचं नाही.

बायोफ्लॉकच्या (पाण्यातली घाण खाणारे जिवाणू वाढवून दाटीने मासे पाळायच्या) टाकीत खाद्य तीन-चार वेळा विभागून देतात आणि जिवाणू वाढायला गूळ घालतात. एक लिटर पाणी शंकूच्या भांड्यात अर्धा तास स्थिर ठेवून गाळ मोजा. ४० मिलीच्या वर गेला तर गूळ बंद करून तळाचा गाळ बाहेर काढून टाका. इथे हवेचा पंप चोवीस तास लागतो. वीज गेली की आधी खाद्य थांबवा आणि लगेच जनरेटर सुरू करा, कारण दाट टाकीतला प्राणवायू तासाभरही पुरत नाही.