ॲम्फिबॉलॉजी अपडेट: 'लॉजी'ची शेपटी कुठून चिकटली ते सापडलं (बहुतेक!)

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये मी ॲम्फिबॉलॉजीची वंशावळ ग्रीकपर्यंत नेऊन अडकलो होतो आणि आता हा शब्द कपाटात टाकून 'इक्विव्होकेशन' (एकाच शब्दाचे दोन अर्थ) घेतो म्हणालो होतो. नाही घेतलं. कारण काल रात्री जेवण झाल्यावर डोनाटस या जुन्या रोमन मास्तराचं लॅटिन व्याकरण सहज चाळत होतो, आणि एका यादीवर नजर गेली आणि मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. बायको म्हणाली काय झालं, म्हटलं काही नाही गं, चौथ्या शतकातली भानगड आहे.

नव्याने आलेल्यांसाठी दोन ओळीत. इंग्रजीत द्व्यर्थी वाक्याला, म्हणजे शब्द साधेच पण वाक्याची बांधणीच अशी की दोन अर्थ निघतात, त्याला दोन शब्द आहेत, ॲम्फिबोली आणि ॲम्फिबॉलॉजी. अर्थ एकच. लॉजिकच्या पुस्तकात आज बहुतेक आखूडवालाच दिसतो, पण इंग्रजीत आधी आला तो लांबडा, चौदाव्या शतकात. प्रश्न असा की बायॉलॉजी, जिऑलॉजीतली 'लॉजी' म्हणजे शास्त्र किंवा बोलणं, ती 'लोगोस'वरून येते. ॲम्फिबॉलॉजीत 'लोगोस'चा काही संबंधच नाही! मूळ ग्रीक शब्द अम्फिबोलिया, 'अम्फि' म्हणजे दोन्हीकडून आणि 'बाल्लेन' म्हणजे फेकणे. त्यातला 'ल' हा 'बोल'चा 'ल' आहे. मग ही 'लॉजी' आली कुठून?

हा प्रश्न मला खात होता. खरंच सांगतो, ऑफिसच्या मीटिंगमध्ये सुद्धा.

आधी वरून खाली येऊ. इंग्रजीतला गाजलेला जुना दाखला म्हणजे कवी चॉसर, 'ट्रॉयलस अँड क्रिसेड', 1380 च्या दशकातलं काव्य, चौथा भाग. क्रिसेडचा बाप काल्कस हा ट्रॉयचा पुरोहित, देवांचा कौल ऐकून तो ट्रॉय सोडून ग्रीकांच्या गोटात पळालाय, आणि क्रिसेड आपल्या प्रियकराला, ट्रॉयलसला समजावते की मी बाबांना पटवते, त्यांना देवांचं बोलणं नीट कळलेलंच नाही, देव ॲम्फिबॉलॉजीत बोलतात आणि एका खऱ्यामागे वीस खोटं सांगतात. काय बाई आहे! तर इथेच 'लॉजी' हजर आहे, म्हणजे गुन्हा चॉसरच्या आधीचा. फ्रेंचमध्ये बघितलं, तिथेही अम्फिबोलोजी. म्हणजे फ्रेंचही सुटले. उत्तरकालीन लॅटिनमध्ये अम्फिबोलोगिया. पण त्याच्याही आधी रोमन लेखक सिसेरोकडे जा, इसवी सनपूर्व 44 मधलं भविष्यकथनावरचं पुस्तक, तिथे स्वच्छ अम्फिबोलिया, लोगिया नाही. म्हणजे घोटाळा झाला तो सिसेरो आणि मध्ययुग यांच्या मधे, आणि लॅटिनच्या घरात. इथपर्यंत मागच्या वेळी आलो होतो.

(सिसेरोचा तो उतारा वाचाच. रोमनांशी लढणाऱ्या ग्रीक राजा पिऱ्हसला अपोलो देवाने कौल दिला म्हणे, "आयो ते, आयआकिदा, रोमानोस विन्केरे पोस्से". लॅटिनमध्ये 'तू' आणि 'रोमन' दोन्ही एकाच विभक्तीत, त्यामुळे तू रोमनांना जिंकशील की रोमन तुला, काहीही घ्या. ओळ एन्निअस कवीची. सिसेरो म्हणतो, एक तर अपोलो कधी लॅटिन बोललाच नाही, दुसरं म्हणजे हा कौल ग्रीकांना माहीतच नाही, आणि वर पिऱ्हसच्या काळापर्यंत अपोलोने पद्य करणं सोडलं होतं. असला फॅक्ट-चेक मी आजकाल कुठे बघितला नाही.)

आता थिअरी. माझ्याकडे एक तगडी थिअरी होती आणि ती मला फार आवडत होती. ग्रीकमध्ये 'अम्फिलोगिया' हा वेगळा शब्द आहे, अर्थ वाद, तंटा, शंका. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीच्या 'थिऑगनी'त तर एरिस म्हणजे कलहदेवीच्या पोरांच्या यादीत भांडणं, खोटी बोलणी वगैरेंच्या रांगेत या अम्फिलोगिया बसल्यात. तर मला वाटायचं अम्फिबोलिया आणि अम्फिलोगिया या दोघींची मिसळ होऊन अम्फिबोलोगिया झालं. दोन्हीत 'अम्फि', दोन्हीत शंकेचा वास, ब्लेंड म्हणून किती छान! पण मोठा डिक्शनरीवाला गट हे म्हणत नाही, ते नुसतं म्हणतात की 'लोगिया'वाल्या इतर शब्दांच्या प्रभावाने शेपूट बदललं. मला हे उत्तर आळशी वाटायचं. इतर म्हणजे कुठले? आणि त्यांचा प्रभाव नेमका याच शब्दावर का पडावा?

आणि मग काल रात्री डोनाटस. 'आर्स मायोर', तिसरा भाग. हा रोमचा शाळामास्तर, संत जेरोम हा त्याचा विद्यार्थी. याचं व्याकरण युरोपभर शतकानुशतकं घोकलं गेलं, इतकं की इंग्रजीत प्राथमिक पुस्तकालाच 'डोनेट' म्हणायला लागले (मी शब्दांची कार्डं करतो, त्यात हे वेगळं केलंय, कसला गोड शब्द आहे). तर तिथे भाषेचे बारा दोष एका दमात सांगितलेत, आणि क्रम असा आहे: बार्बारिस्मुस, सोलोएकिस्मुस, अकिरोलोगिया, काकेनफातोन, प्लेओनास्मोस, पेरिसोलोगिया, माक्रोलोगिया, तौतोलोगिया, एक्लिप्सिस, तापिनोसिस, काकोसिन्थेतोन, अम्फिबोलिया.

दिसलं का? बारा दोषांत चार लोगिया, त्यातले तीन सलग, आणि शेवटी अम्फिबोलिया. आता कल्पना करा, ग्रीक न येणारी दहा वर्षांची पोरं छडीच्या धाकाने ही यादी मोठ्याने म्हणतायत, लोगिया लोगिया लोगिया आणि शेवटी बोलि... लोगिया. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, इथे तर वाणच लागला! 'इतर शब्द' म्हणजे कुठले याचं उत्तर मला एकाच पानावर मिळालं.

हे सिद्ध झालं असं मी म्हणत नाही, ही माझी बांधणी आहे, पण मिसळीच्या थिअरीपेक्षा मला ती आता जास्त पटते, कारण हेसिअडमधली अम्फिलोगिया लॅटिन शाळेतल्या पोराच्या तोंडी कशाला असेल, तौतोलोगिया मात्र रोजची होती. आणि असं आजही होतं की. इंग्रजीत वंशावळीला जो शब्द आहे तो जीनीॲलॉजी, मधे 'ॲ', पण निम्मं जग जीनीऑलॉजी म्हणतं आणि लिहितंही, कारण बाकी सगळ्या 'ऑलॉजी'. उलटा प्रकार मिनरलॉजीचा, नियमाने मिनरलॉलॉजी हवं होतं, जीभ वळेना म्हणून एक 'लॉ' गळाला, हॅप्लॉलॉजीचं पुस्तकी उदाहरण. म्हणजे एकाने अक्षर गमावलं, दुसऱ्याने फुकट कमावलं. आणि गंमत अशी की मिनरलॉजीतच 'ॲम्फिबोल' नावाचा खनिजांचा गट आहे, फ्रेंच खनिजतज्ज्ञ हाउई याने नाव ठेवलं, कारण त्यांची रूपं इतकी की कोणतं काय कळेना. म्हणजे आमच्याच शब्दाचा दगडातला चुलतभाऊ. हे कार्ड लिहिताना जे सुख झालं ते काय सांगू.

डोनाटसने उदाहरण दिलंय तेही बघा: "आउदिओ सेकुतोरेम रेतिआरिउम सुपेरासे". दोन प्रकारचे ग्लॅडिएटर, रेतिआरिउस जाळं आणि त्रिशूळवाला, सेकुतोर त्याच्या मागे लागणारा ढालवाला, आणि वाक्यात कोणी कोणाला हरवलं ते कळत नाही. आता बाल्लेनच्या कार्डावर बघतो तर 'अम्फिब्लेस्त्रोन', ग्रीकमध्ये फेकून मासे पकडायचं गोल जाळं, कोकणात पाग म्हणतात ते. म्हणजे शब्दाच्या मुळात फेकजाळं आणि उदाहरणातही जाळंवाला. निव्वळ योगायोग आहे, डोनाटसच्या डोक्यात हे असेल असं मला वाटत नाही, पण कार्डावर लाल पेनने लिहिलंच. त्याच मुळाचं ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझकडे अगदी लष्करी रूप मिळतं, स्फॅक्टेरियाच्या लढाईत (इसवी सनपूर्व 425) स्पार्टनांना 'अम्फिबोलोइ' करायचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी माऱ्यात पकडायचं. आधी माणूस दोन्हीकडून माऱ्यात सापडायचा, नंतर वाचक. बाकी भावंडं: सिम्बॉल, पॅराबोला, हायपरबोली, आणि हो, 'प्रॉब्लेम' सुद्धा, पुढ्यात फेकलेलं ते.

टूल्सबद्दल थोडं. मिडल इंग्लिशसाठी मिशिगन विद्यापीठाची डिक्शनरी, फुकट, शोध उत्तम, चॉसरपुरतं काम तिथेच भागतं. लॅटिनला लुइस अँड शॉर्ट, 1879 चं आहे पण दणकट. महागड्या सबस्क्रिप्शनच्या मागे लागू नका, आधी आपल्या जवळच्या लायब्ररीत विचारा. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांचा सर्च मात्र डोकं फिरवतो, जुना लांब 'एस' त्याला 'एफ' वाटतो, सोळाव्या शतकातलं काही शोधायचं तर स्पेलिंग मुद्दाम बिघडवून टाका, मग सापडतं. मला पटनमचं 1589 चं 'आर्ट ऑफ इंग्लिश पोएसी' तसंच सापडलं. तो ॲम्फिबॉलॉजीला दोषात टाकतो आणि म्हणतो असल्या दुतोंडी भविष्यवाण्यांमुळे बंडं होतात, आणि बंडखोरांची नावं देतो, जॅक स्ट्रॉ, जॅक केड, नॉर्फोकचा केट. केडला त्याने रिचर्ड दुसऱ्याच्या काळात ढकललंय, केडचं बंड 1450 चं, सहाव्या हेन्रीच्या वेळचं! पण मुद्दा बघा, व्याकरणातला दोष आता राजद्रोहाच्या शेजारी जाऊन बसला.

इथून प्लॅन बदलतोय. लिहिता लिहिता लक्षात आलं की पुढे हा शब्द कन्फेशनच्या खोलीत शिरतो. 1679 मध्ये अकरावा इनोसंट पोप नैतिकतेतल्या 65 ढिल्या विधानांना बंदी घालतो, त्यातलं सत्ताविसावं म्हणतं की जीव, अब्रू, मालमत्ता वाचवायला गरज असेल तेव्हा या 'अम्फिबोलोगिया' वापरायला रास्त कारण आहे. म्हणजे लोगियावालं रूप थेट पोपच्या हुकुमात. म्हणून इक्विव्होकेशन आणि ही वेगवेगळी घेण्यात अर्थ नाही, पुढचं कार्ड जोडकार्ड. ॲरिस्टॉटलने दोघांना वेगळ्या खोल्या दिल्यात, एका शब्दाचे दोन अर्थ ते होमोनिमिया, म्हणजे पुढचं इक्विव्होकेशन, आणि वाक्यरचनेतला घोळ तो अम्फिबोलिया. आपला "नरो वा कुंजरो वा" पहिल्या खोलीतला, अश्वत्थामा नाव दोघांचं, वाक्य सरळ. दुसऱ्या खोलीसाठी मराठीत मला मिळालेलं सगळ्यात चांगलं म्हणजे "लहान मुलांचे डॉक्टर". 'छोट्या मुलांचे' म्हटलं की विशेषण मुलांना चिकटतं, पण 'लहान' काही केल्या बदलत नाही, त्यामुळे डॉक्टरही लहान असू शकतात. 'हुशार मुलांचे सर' तसंच. न बदलणारी विशेषणं गोळा करा, माझ्या वहीत यादी चालू आहे, तुमचीही पाठवा. आणि कोणीतरी संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या काव्यदोषांतला 'संदिग्ध' घ्या ना, मला संस्कृत तेवढं झेपत नाही.

त्याआधी मात्र एकच काम. कायलच्या 'ग्रामातिकी लातिनी' या लॅटिन व्याकरणकारांच्या संग्रहाचा चौथा खंड, 1864 चा, त्यात डोनाटस आहे आणि खाली तळटिपांत हस्तलिखितांचे पाठभेद. त्या बारा दोषांच्या ओळीखाली एखाद्या झोपाळू लेखनिकाने 'अम्फिबोलोगिया' लिहून ठेवलंय का, ते बघायचंय. स्कॅन डाउनलोडला लावलाय, टाइप इतका बारीक आहे की भिंग लागणार, रविवारी बसतो.